दवातली बंदूक

घाटाच्या पायथ्याशी एका गावात गोंदाजी नावाचा म्हातारा शिकारी राहत होता. गावाला आणि रानाला मिळून एकच पाणवठा होता. सकाळी तिथे बायका पाणी भरत, दुपारी गुरे पाणी पीत आणि अंधार पडला की वाघ येई. कोणी कोणाच्या वेळेत पाऊल टाकत नसे. ही रीत मोडली, तर बंदूक घेऊन शिकाऱ्याने बघायचे. आधी हे काम गोंदाजीचा बाप करी, आता गोंदाजी करत होता.

बापाने आणखी एक पद्धत घालून दिली होती. पहाटे शिकारी पाणवठ्याची वाट फिरून बघे आणि सगळे ठीक असले की आभाळाकडे एक बार काढी. तो धडाका दरीत घुमला, की बायका कमरेला हंडे लावून घराबाहेर पडत. बार नाही, तर पाणी नाही.

एका वर्षी पावसाळा सरता सरता रीत मोडली. एक म्हातारा वाघ सकाळच्या वेळी पाणवठ्यावर येऊ लागला. आधी त्याने कुत्री नेली, मग वासरू नेले. एके दिवशी गावातली एक लेकुरवाळी बाई पाण्याला गेली, ती परतलीच नाही. तेव्हापासून हंडे रिकामे पडले. लोक गावाजवळच्या डबक्यातले गढूळ पाणी पिऊ लागले आणि घरोघरी पोरे आजारी पडू लागली.

गोंदाजीची जुनी बंदूक त्या पावसाळ्यात गंजून निकामी झाली होती आणि पहाटेचा बारही बंद पडला होता. हैबतराव पाटलांनी चावडीवर गाव जमवले. ज्याला जमेल तसे त्याने धान्य दिले. ते बैलगाडीत भरून पाटील म्हणाले, "गोंदाजीबाबा, पेठेला जावा आन् तुमच्या मनाला येईल ती बंदूक घ्या. तुमच्यापरीस जास्त कुणाला कळतंय?"

पाटील सहज बोलून गेले, पण पुढचा सगळा घोळ त्या 'मनाला येईल ती' मध्येच होता.

पेठेत रसूल शिकलगाराचे दुकान होते. त्याने गोंदाजीपुढे एक दुनळी बंदूक ठेवली. ती आखूड, काळी आणि अगदी साधी होती. रसूल म्हणाला, "बाबा, ही काडतुसाची आहे. पितळी काडतूस आत सरकवलं की झालं. दारू ठासायला नको, गज नको. आणि एकामागून एक दोन बार."

गोंदाजीने ती उचलून बघितली आणि नाक मुरडले. "ही बंदूक हाय का मुसळ?"

तेवढ्यात त्याची नजर भिंतीकडे गेली. तिथे एक लांब नळीची ठासणीची बंदूक टांगली होती. शिसवी दस्ता, नळीवर पितळेच्या कड्या. थेट बापाच्या बंदुकीसारखी! गोंदाजीने ती खाली उतरवून घेतली. दस्ता गालाला लावला, तसा तेलाचा आणि जळक्या दारूचा वास आला आणि म्हातारा पार हरवून गेला. त्याला बापाचे रुंद खांदे दिसले, धुरातून हसणारा त्याचा चेहरा दिसला.

दुकानामागे भर दुपारच्या उन्हात रसूलने ती ठासून दिली. गोंदाजीने चाप ओढला. धडाड! सगळ्या पेठेवरची कबुतरे उडाली. गोंदाजीच्या डोळ्यांत पाणी आले.

"ह्योच आवाज," तो म्हणाला. "माझ्या बापाचा आवाज हाय ह्यो."

"बाबा, शिकारी तुम्ही आहात, मी काय सांगणार? पण दुनळी एकदा वाजवून तरी बघा."

"नगं. बंदूक मिळाली मला."

गोंदाजी ती खांद्यावर टाकून नवरदेवासारखा गावात आला. देवळापुढे त्याने बार काढला, तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे भरून आले. सगळे म्हणाले, जुने दिवस परत आले. त्याची बायको सारजा तेवढी दारात उभी राहून बंदूक खालीवर न्याहाळत होती.

"बंदूक आणलीसा का मामंजीस्नी आणलंसा?" तिने विचारले.

गोंदाजी हसला, पण ते बोलणे त्याला जरा टोचले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो पाणवठ्याच्या वाटेवरच्या जांभळीवर माळा बांधून बसला. धुके इतके दाट होते, की त्याला आपले पाय दिसेनात. पानापानांतून दव ठिबकत होते. हळूहळू उजाडले आणि धुक्यातून वाघ आला.

गोंदाजीने जन्मात किती वाघ बघितले असतील, पण दर वेळी त्याच्या छातीत तेच व्हायचे. एवढे मोठे जनावर, आणि त्याच्या पावलांचा आवाज नाही! पाखरे गप्प झाली. वाटेवरचे गवत बाजूला होत होते, जणू रानच त्याला वाट करून देत होते. हे देवाने कशासाठी केले असेल, असे गोंदाजीला वाटले आणि त्याचा हात क्षणभर चापावरच थांबला. मग त्याने नेम धरून चाप ओढला.

टच्. नुसता फुस्स असा आवाज झाला. जराशी धुराची रेघ निघाली आणि विरून गेली.

वाघाने मान वर केली. त्याचे पिवळे डोळे गोंदाजीवर स्थिरावले. मग वाघाने मान फिरवली आणि तो निवांतपणे गावाच्या दिशेने चालू लागला. गोंदाजी ओरडला, त्याने फांद्या हलवल्या. धुक्याने त्याचा आवाज गिळून टाकला.

गावाच्या वेशीवर म्हादबा गुराखी गुरे घेऊन बाहेर पडत होता. वाघाने त्याच्यावरच झेप घेतली. नशीब एवढेच, की त्याच्या म्हशी शिंगे रोखून धावल्या आणि वाघ पळाला. म्हादबा जगला, पण त्याचा खांदा फाटला होता.

गोंदाजी धावत आला. वैदूने पाला लावून म्हादबाचा खांदा बांधला. हात नुसता लोंबत होता. त्याच्याकडे बघता बघता गोंदाजीला तो ओळखीचा वाटला.

त्याच्या बापाचा डावा हात असाच लोंबायचा. पुढे मरेपर्यंत बापाचे पागोटे गोंदाजीच बांधून देत असे. वाघाने हात निकामी केला पण बापाने हार मानली नाही, ही गोष्ट त्याने सगळ्या गावाला किती वेळा रंगवून सांगितली होती! पण त्या दिवशी रक्ताने माखून घरी आल्यावर बाप जे पहिले वाक्य बोलला होता, ते त्याने कधीच कुणाला सांगितले नव्हते. सांगता सांगता ते त्याच्या स्वतःच्याच मनातून पुसले गेले होते. बाप म्हणाला होता, "दारू सादळली रं पोरा."

हिवाळ्याच्या किती सकाळी ती बंदूक अशी फुसकी गेली होती! ते सगळे गोंदाजीला आता एकदम आठवले. दुकानात दस्ता गालाला लावला, तेव्हा मात्र त्याला फक्त उडालेले बार आठवले होते.

संध्याकाळी चावडीवर लोक जमले. सगळे म्हणाले, दैव खोटे. पाटीलही म्हणाले, "बाबा, धुक्याला कोण काय करणार? जिवाला लावून घेऊ नगासा."

गोंदाजीने मान हलवली असती, तर गोष्ट तिथेच मिटली असती. आवडती बंदूक घरात राहिली असती आणि गावातला मानही. पण म्हातारा उठून उभा राहिला.

"धुकं आपल्याकडं रोजचंच हाय पाटील," तो म्हणाला. "म्या बंदूक उन्हात बघितली. चूक माझी हाय. मी उद्या पुन्यांदा पेठेला जातो."

म्हाताऱ्याने एवढ्या लोकांत हे कबूल केले, याचेच सगळ्यांना नवल वाटले.

रसूलच्या दुकानात गोंदाजीने या वेळी आवाज ऐकला नाही, वास घेतला नाही की दस्ता गालाला लावला नाही. तो म्हणाला, "रसूलभाई, दोन्ही बंदुका भरा आन् मागल्या गवतात ठेवा. सकाळी उचलू."

रसूल बघतच राहिला, पण त्याने तसे केले. उजाडले तेव्हा दोन्ही बंदुका दवाने निथळत होत्या. गोंदाजीने आधी ठासणीची उचलली. टच्, फुस्स. मग दुनळी उचलली. तिचा बार काडकन उडाला.

रसूलने कानाच्या पाळीला हात लावला. "इतकी वर्षं बंदुका विकतोय बाबा, पण बंदूक दवात निजवून बघणारं गिऱ्हाईक आजच बघितलं."

गोंदाजीने ठासणीची बंदूक परत भिंतीवर टांगली. तिच्या पितळी कड्यांवरून त्याने एकदा हात फिरवला. हात मागे घेताना त्याला फार जड गेले. मग दुनळी उचलून तो निघाला.

दारात सारजाने विचारले, "आन् ही कुणासारखी?"

"कुणासारखीच न्हाई."

"मग बरी हाय," ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

गावातली तरणी पोरे म्हणाली, आता त्या जांभळीवर बसून काय उपयोग? वाघाने तिथे माणूस बघितला आहे. तो वाट बदलणार. गोंदाजी म्हणाला, "म्हातारा हाय त्यो. न्हाई बदलायचा." आणि तो त्याच झाडावर जाऊन बसला.

धुके तसेच होते, दव तसेच ठिबकत होते. उजाडले आणि त्याच वाटेने वाघ आला. तीच चाल, तोच दिमाख. हाताशी दोन बार होते. दुसऱ्या कुणी लांबूनच दोन्ही उडवून टाकले असते. पण गोंदाजी एका बाराच्या बंदुकीवर शिकला होता. मिशा दिसल्याशिवाय चापाला हात लावायचा नाही, हे बापाने त्याला शिकवले होते. तो थांबला. वाघ जवळ आला, आणखी जवळ आला. मिशांवर चमकणारे दवाचे थेंब दिसले, तेव्हा त्याने चाप ओढला. वाघ जागीच कोसळला आणि त्याला यातना झाल्या नाहीत.

गोंदाजी खाली उतरला. वाघाचे सुळे झिजले होते, पंजात साळिंदराचे काटे रुतून बसले होते. शिकार जमेना, म्हणून बिचारा गावाकडे वळला होता. मेला तरी तो राजासारखा दिसत होता. गोंदाजीने पागोटे काढून त्याच्या पायाशी ठेवले.

"नेहमीची वाट सोडवली न्हाई रं तुला," तो हळूच म्हणाला. "मीबी तुझ्याच मागनं निघालो हुतो."

मग त्याने दुनळी आभाळाकडे केली आणि उरलेला दुसरा बार काढला. दरीत तो कोरडा, अनोळखी आवाज घुमला. गावातून कुणीच आले नाही. गोंदाजी वाट बघत उभा राहिला. त्याला वाटले, हा आवाज गावाला कळलाच नाही.

एवढ्यात धुक्यातून एक हंडा दिसला. सारजा येत होती, आणि तिच्यामागे बायकांची लांबच लांब रांग होती.

"आवाज तर निराळा हुता," गोंदाजी म्हणाला. "कसा वळखलास?"

"आवाज निराळा असूं द्या," सारजा म्हणाली. "वाघ पडला की मामंजी पागोटं काढून पाया पडायचे, आन् मगच वर बार काढायचे. दोन बारांच्या मधी तुमीबी तेवढंच थांबलासा की."

गोंदाजीने वाटेतून बाजूला होऊन बायकांना पाणवठ्याकडे जाऊ दिले.

तात्पर्य: आठवण गोड तेवढेच जपते, अनुभव फसलेलेही जपून ठेवतो, म्हणून वडिलांची शिकवण हातात असावी, पण हत्यार निवडताना अनुभवाचेच ऐकावे.