चालतंय ना?

“आणि न्हाईच चाललं तर?”

अप्पाबुवांनी दारातूनच विचारलं. आत मठाच्या कचेरीत जयवंतराव कुंभोजे टेबलाखाली गुडघे टेकून बसले होते. कानाला एक वायर अडकली होती. त्यांनी तिथूनच उत्तर दिलं.

“न चालायला काय झालं बुवा? मी बसलोय ना.”

बुवा आत आले नाहीत. उंबऱ्याशी बसले आणि बघत राहिले.

कृष्णाकाठचा हा मठ तसा लहानच. एक समाधी, अंगणात चिंच, मागे अन्नछत्राची पत्र्याची शेड. बुवांच्या दर्शनाला येणारा माणूस रिकाम्या हातानं कधी यायचा नाही. कुणी नारळ आणी, कुणी केळ्यांचा घड, तर कुणी पिशवीभर तांदूळ. जयवंतरावांनी मात्र आजवर नारळ आणला नव्हता. नारळ काय, कुणीही आणतं! ते यायचे ते ‘सचोटी’ घेऊन.

‘सचोटी’ हा त्यांचा हिशेबाचा प्रोग्रॅम. कॉम्प्युटरच्या खोलीत लोक चपला बाहेर काढून जायचे आणि संध्याकाळी त्याच्यावर खोळ घालायचे, त्या काळात त्यांनी सांगलीत बसून तो एकट्यानं लिहिला होता. तेव्हा त्याचा काय दरारा! पतसंस्था, दूध संघ, कापडाची दुकानं… जिकडे जावं तिकडे निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि वर कोपऱ्यात जयवंतरावांचं नाव.

मग यंत्रं बदलली. यंत्रांमधलं विंडोज बदललं. दर नव्या विंडोजला ‘सचोटी’ अडून बसायचं आणि दर वेळी जयवंतराव काहीतरी शक्कल लढवून त्याला चालतं करायचे. नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचं सोंग उभं करायचं आणि ‘सचोटी’ला त्यात नेऊन बसवायचं. बाहेर जग कुठल्या कुठे गेलंय, हे त्याला कळूच द्यायचं नाही. ही विद्या सांगली जिल्ह्यात आपल्याशिवाय कुणाकडे नाही, असं ते चारचौघांत सांगायचे, आणि ते खोटंही नव्हतं.

पण लोकांना त्या विद्येचा कंटाळा आला. एकेक जण दुसरीकडे गेला. उरला फक्त मठ.

म्हणून दरवर्षी गुरुपौर्णिमेच्या आधी जयवंतराव अवजारांची काळी बॅग घेऊन यायचे. कचेरीत शिरायचे, धूळ झटकायचे, ‘सचोटी’ उघडून स्वतःच्याच नावानं चाचणीची एक पावती छापायचे आणि कचेरी सांभाळणाऱ्या गोदाताईंना विचारायचे, “चालतंय ना?”

“चालतंय की,” गोदाताई म्हणायच्या.

झालं. बुवांना वाकून नमस्कार, आणि पाचची एसटी.

यंदा जुनं यंत्र फारच धापा टाकायला लागलं होतं, म्हणून जयवंतरावांनी पदरमोड करून नवाकोरा कॉम्प्युटर आणला होता. तासाभराचं काम, असं सकाळी त्यांनी ऐटीत सांगितलं होतं. आता दुपार व्हायला आली होती.

‘सचोटी’ उघडत होतं, पण पावतीवर देवनागरीच्या जागी नुसत्या चौकटी उमटत होत्या. एक वायर बदलली, तर प्रिंटर गप्प झाला. दुसरी शक्कल केली, तर ‘सचोटी’च मिटलं. शेवटी त्यांनी मूळ प्रोग्रॅम उघडला, त्यांनी स्वतः लिहिलेला, ओळीनं ओळ. चष्मा वर केला, खाली केला. हे कुणी लिहिलंय, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी चष्मा काढून ठेवला.

उंबऱ्याशी बुवा तसेच बसले होते.

“बुवा…”

“हं.”

“नाही चालत.”

“बरं.”

“बरं काय बुवा!” जयवंतराव एकदम उसळले. “परवा पौर्णिमा आली. एवढी माणसं येणार, त्यांना पावत्या कुठून देणार? अन्नछत्राचा शिधा कसा मांडणार? हे जुनं आज आहे, उद्या नाही. आणि नवं मला दाद देत नाही…”

ते थांबले. खरी गोष्ट अजून सांगायची राहिली होती.

“आणि मी? हे बंद पडल्यावर मी कशाला यायचं इथं?”

बुवांनी मान हलवली. मग गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले, भिंतीपाशी गेले आणि लाल दिवा लागलेल्या बोर्डाकडे बोट केलं.

“हे कशाचं बटण?”

“दोन्ही कॉम्प्युटरचं. हात लावू नका बुवा. जुन्यातलं नव्यात उतरतंय. मध्येच गेलं तर सगळंच…”

बुवांनी अंगठ्यानं बटण दाबलं.

पडदे काळे झाले. जुन्या यंत्रातला पंखा घरघरला, रेंगाळला आणि थांबला. जयवंतरावांचे हात पुढे आले होते ते तसेच हवेत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी या खोलीतली शांतता कधी ऐकलीच नव्हती.

…

चर्र… चर्र…

आवाज भिंतीपलीकडून आला, अन्नछत्राच्या खिडकीकडून. थोडा थांबला आणि पुन्हा चर्र…

जयवंतराव बाहेर आले, मागोमाग बुवाही. खिडकीशी एक बाई हातात पावती घेऊन प्रसादाची पुडी पदराला बांधत होती. त्यांनी तिच्याकडून पावती जवळजवळ ओढूनच घेतली. ठसठशीत अक्षरं, आजची तारीख, मठाचा शिक्का. एका कोपऱ्यातही ‘सचोटी’ नाही. खिडकीच्या आत गोदाताई, त्यांच्यापुढे पाटीएवढा चपटा कॉम्प्युटर आणि जेमतेम डब्याएवढा प्रिंटर.

“हे… कधीपासून?”

गोदाताईंनी बुवांकडे बघितलं. बुवा चिंचेकडे बघत होते.

“झाली की चार वर्षं,” त्या हळूच म्हणाल्या. “जुनी नावं-गावं समदी घेतली ह्याच्यात. काय सुदीक ऱ्हायलं न्हाई.”

“मग आतला तो?”

“तुम्ही यायच्या आदल्या दिवशी पुसून ठेवती. चालू करून बघती. एरवी खोळ असती त्याच्यावर.”

जयवंतरावांचा चेहरा लालबुंद झाला. चार वर्षं! चार वर्षं आपण एसटीचे धक्के खात यायचं, टेबलाखाली शिरायचं, आणि भिंतीपलीकडे ही मंडळी…

“माझी फजिती केलीत बुवा. निदान सांगायचं तरी.”

“तू काय इचारायचास?”

“मी… चालतंय ना, असं विचारायचो.”

“मग? चालतंच हुतं की.”

“पण त्याच्यावर नव्हतं चालत!”

“ते कुठं इचारलंस?”

एकाएकी जयवंतरावांना गेल्या वर्षीचा निळा पडदा आठवला. त्यांनी चाचणीची पावती छापली होती, आणि यादीत तिच्या वर त्याआधीच्या वर्षीची त्यांचीच चाचणीची पावती होती. तिच्याही वर त्यांचंच नाव. मध्ये दुसरं कुणी नाही. हे सगळं त्यांच्या डोळ्यांनी बघितलं होतं. नीट चालतंय, एवढंच समजून त्यांनी ते बंद केलं होतं.

त्यांना हसू यायला लागलं. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलायला लागले, आणि मग ते पायरीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. गोदाताई घाबरून बाहेर आल्या. बुवांनी त्यांना हातानंच गप्प राहायला सांगितलं.

जीव भांड्यात पडला होता. परवा पावत्या मिळणार होत्या. कुणाचा शिधा चुकणार नव्हता, की कुणाचं नाव हरवणार नव्हतं. पुढच्या विंडोजला काय करायचं, याचा विचार करत आता रात्ररात्र जागायचं नव्हतं. एवढं ओझं आपण उचलून धरलं होतं, हे त्यांना ते खाली ठेवल्यावर कळत होतं. थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सुटल्यासारखं जास्त वाटलं.

आत पंगतीची घंटा झाली.

“जेवलास कवा हितं?” बुवांनी विचारलं.

“दरवर्षी जेवतो की. गोदाताई ताट आणून देतात.”

“कुठं?”

“…टेबलावर.”

बुवा पुढे चालू लागले. जयवंतराव त्यांच्या मागून गेले. पत्र्याच्या शेडमध्ये एका ट्रॅक्टरवाल्याच्या आणि मघाच्या त्या बाईच्या मध्ये जागा होती, तिथं मांडी घालून बसले. गुडघे कुरकुरले. आमटी कढत होती, भात मऊ होता. शेजारच्या बाईनं त्यांना ओळखलं, तशी त्यांनी शरमून तिची माफी मागितली. ती म्हणाली, “असूंदे वो, पावतीच तर हुती.”

जेवणानंतर ते चिंचेखाली आडवे झाले आणि घोरायला लागले. पाचची एसटी गेली. कुणीही त्यांना उठवलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. बुवा जवळच बसून सुपारी कातरत होते. जयवंतराव उठून बसले, केस सारखे केले. आपण मठात येऊन बुवांच्या शेजारी नुसते बसलोय, हे याआधी कधी घडलं होतं का, ते त्यांना आठवेना.

सहाच्या गाडीसाठी ते बॅग भरायला कचेरीत गेले. नव्या कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळू लागले.

“ऱ्हाऊंदे ते,” बुवा दारातून म्हणाले. “गोदाला पुसाया कायतरी पायजे.”

गोदाताई तोंडाला पदर लावून हसल्या. जयवंतरावही हसले. त्यांनी काळी बॅग उचलली. ती आज हलकी वाटली.

बुवांच्या पायाशी ते वाकले, पण लगेच उठले नाहीत. त्यांची खोड जाणार कशी? त्यांना पुढच्या वर्षीचं आजच ठरवून टाकायचं होतं.

“बुवा, पुढच्या पौर्णिमेला काय घेऊन येऊ? नव्या यंत्राचं काही असेल तर शिकून घेतो. नाहीतर… नारळ आणतो. चालेल ना?”

बुवांनी त्यांच्या हातातल्या बॅगेकडे बघितलं.

“जयवंता… रिकाम्या हातानं येऊन दाखव.”