उखाबाबाचा पाट

फार फार वर्षांपूर्वी खानदेशात बोरखळं नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात उखा नावाचा दगडफोड्या राहत होता. त्याला स्वतःचं शेत नव्हतं. एक छिन्नी, एक हातोडा आणि लांबच्या गावी दिलेली एकुलती लेक मंजुळा, एवढंच काय ते त्याचं होतं.

एका वर्षी गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या. नदीला पाणी होतं, पण नदी आणि गाव यांच्यामध्ये कातळ आडवा पडला होता. पंचांनी ठरवलं, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पाट खोदून पाणी आणायचं. नाही आलं, तर सणाच्या दुसऱ्या दिवशी गाड्या जुंपून गाव सोडायचं.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. उखाच्या मनात एकच आलं, गावच उठलं तर माझी मंजुळा यायची कुठं?

सगळं गाव खोदायला निघालं, आणि जो तो आपापल्या शेतासमोर खोदू लागला. वीस शेतं, वीस खड्डे. पहाटे सुरू करायचे ते अंधार पडेपर्यंत. हाताला फोड आले, झोप उडाली, माणसं भाकरी खातानाही भांडू लागली.

उखा एकटा नदीकाठी, पाटाच्या तोंडाशी बसला. सकाळी तो निवांत छिन्नीला धार लावायचा. मग कातळावर गेरूनं एक हातभर खूण करायची आणि तेवढंच खोदायचं. काम झालं की नदीतून घागर भरून पाटात ओतायची. पाणी शेवटापर्यंत पोचलं की तो ते डोळे भरून बघायचा आणि गाणं गुणगुणत घरी जायचा. सूर्य डोंगराला टेकल्यावर त्यानं एकही घाव कधी घातला नाही, असं म्हणतात.

गजमल पाटील त्याची टिंगल करायचे. "काय रे उखा, आखाजीपर्यंत धारच लावत बसणार का?"

"बोथट छिन्नीला दगड हसतो, पाटील."

"आणि आम्ही अंधारापर्यंत राबतो ते?"

"ते दगडाला कुठं दिसतं?"

आखाजीला वीस दिवस उरले, तेव्हा गावानं आपले खड्डे जोडून पाहिले. एक कमरेइतका खोल, शेजारचा गुडघ्याइतका. ओतलेलं पाणी जागच्या जागी साचलं. पाटील नदीकाठी उखाकडे गेले. म्हणाले, "उखादादा, आता तूच सांग बाबा."

"आपलं शेत विसरा," उखा म्हणाला. "पाणी जिथवर पोचलंय, तिथून पुढं चला. आणि दिवस टेकला की घरी जायचं, कुणी रेंगाळायचं नाही."

मग सगळं गाव एका ओळीत लागलं. रोज संध्याकाळी घागर ओतायची, आणि रोज पाणी कालच्यापेक्षा पुढं जायचं. ते बघून माणसं हसायला लागली. त्यांना झोप लागू लागली, आणि सकाळी न बोलावता ती कामावर हजर होऊ लागली.

आखाजीचा दिवस उजाडला, तेव्हा नदीकडच्या तोंडाशी हातभर कातळ तेवढा उरला होता, पण लोखंडासारखा. दिवसभर तो हलला नाही. लेकी माहेरी आल्या आणि बोचकी घेऊन पाटाच्या काठाशी उभ्या राहिल्या. सूर्य डोंगराला टेकायला आला. उखानं छिन्नी खाली ठेवली.

"आबा, आज नको ना थांबू!" मंजुळा कळवळून म्हणाली. "उद्या गाड्या जुंपतील!"

उखानं सूर्याकडं पाहिलं. आणि असं म्हणतात की सूर्य तिथंच थांबला. घरट्यात गेलेली पाखरं गोंधळून परत बाहेर आली. गुरं वाटेतच उभी राहिली. उखानं छिन्नी उचलली, लेकींनी बोचकी टाकून हातोडे घेतले, आणि गाव घाव घालत राहिलं. कातळ फुटला. पाणी खळाळत शेतांकडे धावलं. ते शेवटच्या शेतात शिरल्यावरच सूर्य मावळला.

गाव उठलं नाही. उखा पुढं पुष्कळ वर्षं जगला, आणि सुखानं गेला.

आजही बोरखळ्यात आखाजीला आलेली लेक आधी घरी जात नाही. ती पाटावर जाते आणि हातभर गाळ काढते. त्याला उखाबाबाचा हात म्हणतात. आई दारात उभी राहून वाट बघते, पण हाक मारत नाही. आणि तेवढं करून लेक उठली की, "अजून थोडं कर," असं तिला कुणीही म्हणत नाही.