महाराज लाडू होतात

धाकट्या युवराजांनी जेवण सोडलं होतं. "गिळलेला लाडू जातो कुठे?" असं त्यांनी विचारलं, आणि दरबारात कुणालाच सांगता येईना. लाडू आतच दबा धरून बसला असणार, या भीतीने त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. धुंडिराज महाराज चिडले. चिडले की समोर दिसेल तो दोषी, आणि समोर होता गोंदाजी आचारी.

"उद्या लाडवाची वाट डोळ्यांनी दिसली पाहिजे. पोट न फाडता! नाहीतर राज्यातून चालता हो."

गोंदाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक सगुणा म्हणाली, "आबा, रडताय काय? मी दाखवते."

सकाळी ती आळीतली पोरं घेऊन राजवाड्यात हजर झाली आणि म्हणाली, "महाराज, लाडू तुम्ही व्हायचं." आकार होताच. महाराजांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण युवराज खुदकन हसले, मग इलाजच राहिला नाही.

मोठा दरवाजा म्हणजे तोंड. तिथे दात झालेल्या पोरांनी महाराजांना उशांनी यथेच्छ चावलं आणि लाळ म्हणून तांब्याभर पाणी ओतलं. मग सतरंज्यांच्या बोळातून, म्हणजे अन्ननळीतून, ढकलत ढकलत चौकात नेलं. चौक म्हणजे जठर. तिथे आंबट ताक शिंपडून त्यांना असं घुसळलं की पगडी कुठे नि पाय कुठे!

पुढे लुगड्यांची लांबच लांब नागमोडी वाट होती.

"संपेना कशी ही?"

"हे लहान आतडं, महाराज. पोटात वेटोळं घालून बसतं."

प्रत्येक वळणावर एकेक पोर महाराजांची कंठी, कडं, अंगठी काढून पळू लागलं. सगुणाने सांगितलं, की अन्नातलं चांगलं ते शरीर इथेच काढून घेतं आणि रक्तातून हातापायांना पोचवतं. शेवटी मोठ्या आतड्याने ओलं उपरणं पिळून पाणीही काढून घेतलं आणि महाराजांना मागच्या दाराने बाहेर काढलं.

"आता मी कोण?" महाराजांनी विचारलं.

सगुणा अदबीने गप्प राहिली. युवराज राहिले नाहीत. त्यांनी टाळ्या पिटत ते नाव घेतलं, पहारेकऱ्यांनी नाकं धरली, आणि युवराजांनी लगेच लाडू मागून चावून चावून खाल्ला.

महाराज मात्र ओशाळले. "बरं, माझे दागिने आणा परत."

सगुणा म्हणाली, "मागच्या दाराने गेलेला लाडू कधी तूप-साखर परत मागायला येतो का, महाराज?"

महाराज हसता हसता खालीच बसले. कंठी सगुणाला मिळाली, बाकीचे दागिने पोरांना, आणि गोंदाजीला हुकूम सुटला, की परातभर लाडू वळ!