शेवटच्या आंघोळीचा हंडा

"महाराज, हा हंडा नदीत सोडू ना?"

कमळाकरशास्त्री हंडा अंगापासून लांब धरून उभे होते. बुवा मठाच्या पायरीवर ऊन खात बसले होते.

"का? गळतो?"

"गळत नाही. पण यात प्रेताच्या आंघोळीचं पाणी तापवलं होतं. अशुभ आहे."

"कुणाचं प्रेत?"

शास्त्र्यांनी आत पाहिलं.

प्रेत आत बसून पेज पीत होतं. तूप कमी पडलं म्हणून कुरकुरतही होतं.

नऊ दिवसांपूर्वी शास्त्र्यांचा धाकटा भाऊ मोरेश्वर बर्फ खचून नदीत पडला होता. हिमालयातली नदी ती. बाहेर काढला तेव्हा श्वास नाही, नाडी नाही. मरणाची सगळी लक्षणं शास्त्र्यांना तोंडपाठ, आणि त्याचा ताठाही होताच. "संपलं," म्हणाले, आणि ढसाढसा रडले.

बुवा पूर्वाश्रमी लष्करी दवाखान्यात होते. ते मोरेश्वरची छाती दाबत बसले. शास्त्र्यांना वाटलं, म्हाताऱ्याला मोह सुटत नाही. त्यांनी अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि रीतीप्रमाणे शेवटच्या आंघोळीचं पाणी तापत ठेवलं.

पाणी तापलं तसं बुवांनी दाबता दाबताच ते शास्त्र्यांना बाटल्यांत भरायला लावलं. ओले कपडे उतरवून, फडक्यात गुंडाळलेल्या बाटल्या मोरेश्वरच्या काखेत आणि छातीच्या कडेला ठेवल्या, वर घोंगड्या टाकल्या. छाती दाबणं जीप येईपर्यंत थांबलं नाही, जीपमध्येही नाही. खालच्या दवाखान्यात डॉक्टरांनी अंग आणखी तापवत नेलं. चौथ्या तासाला हृदय चालू झालं.

"महाराज," शास्त्र्यांनी विचारलं, "तो जिवंत आहे हे आपल्याला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं."

"मग?"

"तो गार आहे, एवढं कळलं होतं."

"पण नाडी नव्हती! मी स्वतः पाहिली."

"नव्हतीच. तू खोटं नाही बोललास."

"मग माझं चुकलं कुठं?"

"घाई केलीस. गारठलेल्याचं हृदय थांबलं, तर आधी त्याला ऊब द्यावी. ऊब देऊनही उठला नाही, तर मग रडावं."

शास्त्री पायरीवर बसले. हंडा मांडीवर आला, तो त्यांनी तसाच धरला.

"आज दहावा दिवस, महाराज. आज मी नदीवर पिंड घेऊन बसलो असतो. कावळ्याची वाट पाहत... आपले उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? पाणी तू तापवलंस."

"मी ते कशासाठी तापवलं होतं, ठाऊक आहे ना आपल्याला?"

"पाण्याला कुठं ठाऊक होतं?"

आतून मोरेश्वरची हाक आली. "दादा, अंग चिकट झालंय रे!"

शास्त्री रडत रडत हसले. मग पुन्हा हंड्याकडे पाहिलं.

"याचं काय करू, महाराज?"

"भर. तापव. भावाला आंघोळ घाल."