झाकलेला आकडा

"पण बाई, उघडायचं तरी कधी?"

मयूरेशने परत तेच विचारलं. उकिडवेबाई डबा खात होत्या. प्रयोगशाळेत त्याच्या गुरू त्याच, आणि सकाळपासून त्यांचं डोकं त्याने खाल्लेलं.

टॉप क्वार्क हा कणांमधला सगळ्यात जड गडी. यंत्रात टक्कर झाली की जन्मतो, आणि पापणी लवायच्या कितीतरी आधी फुटून मरतो. मागे उरलेल्या तुकड्यांवरून मेलेल्याचं वजन काढायचं. मयूरेशने तीन वर्षं हेच केलं.

ओळखीचं उत्तर दिसलं की माणूस चुका शोधायचं सोडून मोकळा होतो. म्हणून बाईंनी त्याच्या हिशोबात एक आकडा गुपचूप मिसळून ठेवला होता. तो काढला की खरं वजन. हे झाकण उघडणार बाईच.

"दुसरा गट सोमवारी त्यांचं उत्तर जाहीर करतोय, बाई. माझी तीन वर्षं पाण्यात जातील."

"चुका शोधल्यास?"

"सगळ्या."

"सगळ्या?"

"किती वेळा विचाराल! एक उरलेली नाही. लिहून देऊ?"

"नको. कागद फुकट जाईल."

...

बाईंनी डब्याला झाकण लावलं.

"एकशे अडुसष्ट."

"काय?"

"तुझं उत्तर. घे, आणि जा सांग जगाला."

मयूरेशचं तोंड उतरलं.

"अडुसष्ट कसं येईल? सगळ्यांचं एकशे बहात्तर-त्र्याहत्तर येतं!"

"तुझं नाही आलं."

"मग... मग यंत्राच्या कडेला गडबड असणार. तिथं तुकड्यांची ऊर्जा कमी भरते. मला आधीपासूनच वाटत होतं."

"आणखी?"

"कुठला तुकडा कुठल्या क्वार्कचा, हे एके ठिकाणी... अंदाजानेच धरलंय."

"आणखी?"

मयूरेशने बाईंकडे संशयाने पाहिलं.

...

"बाई, तो आकडा..."

"मनाला आला तो सांगितला. तुझं झाकण मी उघडलेलंच नाही."

तो ताडकन उठला. कान लालबुंद.

"ही काय थट्टा आहे? तिकडे ते पुढे निघून जातील, आणि तुम्ही इथे—"

"बस खाली. ती कड आधी नीट कर."

"बसायला वेळ कुठाय, बाई?"

बाईंनी पायानेच खुर्ची त्याच्याकडे ढकलली.

"जन्मल्याबरोबर मरायचं असतं ते त्या क्वार्कला. तुला कसली घाई रे?"