पुरानंतरच्या विचारपुशीची कहाणी

ऐका नदीमाय, तुझी कहाणी. बायांनो, तांदळाचे चार दाणे मुठीत धरा, चित्त इथं ठेवा.

नदीच्या वळणावर एक आटपाट नगर वसलं होतं. तिथं खालच्या आळीत सिदोबा नावाचा कोष्टी राही. त्याची बायको चिमाबाई. घरात एक माग, एक म्हातारी आई. लुगडी विणावी, बाजारी न्यावी, सुखानं राहावं. एके वर्षी श्रावणात नदीला पूर आला. तीन दिवस पाणी उतरलं नाही. घर पडलं, माग वाहून गेला, म्हातारी वाहून गेली. चौथ्या दिवशी पाणी उतरलं. मग दोघांनी चिखल उपसला, पडक्या भिंतींवर पाचट घातलं, आत राहिली. पण सिदोबा बोलेना, जेवेना. नदीकडं तोंड करून बसे.

मग एक भला दिसणारा माणूस आला. गोड बोलला. तुमच्या घराला राजाच्या रानातले वासे आणून देतो, म्हणाला. खूण म्हणून काही द्या. चिमाबाईनं पायातले चांदीचे तोडे काढून दिले. तो गेला तो गेलाच. तेव्हापासून ती कुणाचा भरवसा धरीना.

पुढं शुक्रवार आला. वरच्या आळीच्या पाच बाया दाराशी आल्या. त्यांत वडील केसराई. सोबत भाकरी आणली, ताक आणलं. ओट्यावर बसल्या, पुसलं, "जेवलात का? निजलात का? मनात काय सलतं?"

चिमाबाईनं विचारलं, तुम्ही कोण, कशाला आलात? केसराईनं सांगितलं, हा आमचा वसा. पुरानं पडलेलं घर दिसलं की वर्षभर शुक्रवारी तिथं जावं, बसावं, विचारपूस करावी. त्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये.

चिमाबाईच्या मनात आलं, फुकट कोण कुणाच्या दारी येतं? पाणी पीत नाहीत, म्हणजे डोळा दुसऱ्या कशावर आहे. बाया गेल्यावर तिनं भाकरीचा तुकडा कुत्र्यापुढं टाकला आणि दिवस मावळेतो त्याच्याकडं बघत बसली. कुत्र्याला काही झालं नाही. शंका मात्र गेली नाही.

दुसरा शुक्रवार आला. चिमाबाईनं दार लावलं, फटीतून पाहिलं. केसराई पडकी भिंत निरखत होती. हिला वाटलं, जागा मापते आहे.

तिसरा शुक्रवार आला. चिमाबाई पाण्याला गेली, मुद्दाम लवकर परतली. बघते तो केसराई मागल्या खिडकीशी उभी, हळू बोलते आहे. आणि जो नवरा हिच्याशी महिनाभर बोलला नव्हता, तो तिला उत्तर देतो आहे. हिची चाहूल लागली, दोघं गप्प झाली. मग हिनं नवऱ्याला खोदून खोदून विचारलं. तो काही सांगेना. हिची खात्रीच पटली. भोळ्या माणसाला फितवतील, जागा लिहून घेतील.

मग ती आळीत हिंडली. एका घरी म्हणाली, या बाया जागा बळकावतात. दुसऱ्या घरी म्हणाली, चोरांच्या हेर आहेत. तिसऱ्या घरी म्हणाली, करणी करतात. चौथ्या शुक्रवारी पाची जणी आल्या, तर आळीत एकही दार उघडेना. कुणी वरून शेणपाणी ओतलं. बाया लुगडी झटकून माघारी गेल्या.

पाचवा शुक्रवार आला. कुणी आलं नाही. सिदोबा सकाळपासून खिडकीत बसला. दुपारी त्यानं विचारलं, त्या आल्या नाहीत? चिमाबाई म्हणाली, मीच त्यांचं येणं बंद केलं. त्यानं मान हलवली. थोड्या वेळानं उठला, नदीवर गेला.

बराच वेळ झाला, आला नाही. मग ही मागं गेली. सिदोबा काठच्या धोंड्यावर बसलेला, पाणी मांडीला लागतं आहे, धार जोरात. हिनं हात धरून ओढलं. तो म्हणाला, तू जा, मी येत नाही. आळीतले बाप्ये रानात गेलेले. चिमाबाईला दुसरं दार सुचेना. ती वरच्या आळीला धावली. केसराई पीठ मळत होती. हिच्या तोंडाकडं पाहिलं, तशीच उठली. चौघींना हाक दिली. कुणी शेणपाण्याचा शब्द काढला नाही.

केसराई पाण्यात उतरली, सिदोबाच्या शेजारी धोंड्यावर बसली. चौघी मागं उभ्या राहिल्या. तिनं पुसलं, "बाबा, मनात काय सलतं? त्या दिवशी अर्धंच बोललास."

सिदोबा म्हणाला, "आईचा हात माझ्या हातात होता. मीच सोडला."

केसराईनं त्याचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "बारा वर्षांमागं मोठा पूर आला. माझं एक लेकरू कडेवर होतं, एक बोटाला. बोटाचं गेलं. तेव्हा माझ्याही दाराशी अशाच बाया बसत. मी त्यांना वर्षभर शिव्या दिल्या."

सिदोबा रडला. पूर आल्यापासून पहिल्यांदा रडला. चिमाबाईनं पुसलं, "अहो, हे मला का नाही सांगितलं?"

तो म्हणाला, "तुझा कुणावरच भरवसा राहिला नव्हता. माझ्यावरचाही जाईल, असं वाटलं."

ते ऐकून चिमाबाई खाली बसली. मग सगळ्यांनी मिळून त्याला घरी आणलं. त्या दिवशी त्यानं अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी एक खाल्ली. पुढं गावानं मिळून वासे तोडले, पाची जणींनी भिंती लिंपल्या, नवा माग उभा राहिला.

चिमाबाई पुन्हा आळीत हिंडली. दारोदार सांगितलं, मी खोटं बोलले. काहींनी ऐकलं. दोन घरांनी दार उघडलं नाही ते नाहीच. मग ती केसराईकडं गेली, म्हणाली, "बाई, तुमचा वसा मला द्या. पण खरं सांगते, मनातली शंका पुरती गेली नाही."

केसराई म्हणाली, "राहू दे. शंका घरात ठेव. पण दाराची कडी काढून ठेव."

तिनं वसा घेतला. उतली नाही, मातली नाही, घेतलेला वसा टाकला नाही. नदीमाय तिला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. बुडालेलं घर उभं राहो, सलणारं मन बोलतं होवो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरी सांगितली, ऐकणारीला सुफळ होवो, इथं संपूर्ण होवो.