पंचांना मिळालेलं उत्तर

माझं कुणी म्हणता कुणी खरं मानलं नाही. दवाखान्यासमोर खानावळ काढायला मी गाळा ठरवला होता. तोच गाळा आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच अमोलिक यांना भाच्यासाठी हवा होता, हे मी ओरडून सांगत होते.

आमच्याच घरी प्रार्थनासभा होती. पंच डोळे मिटून म्हणाले, “बाई, तुझ्यासाठी उपास धरला. प्रभूने मला उत्तर दिलं. तुझी खानावळ त्याला नको.”

सगळे म्हणाले, “आमेन!”

मी म्हटलं, “पंचकाका, उत्तर तुम्हाला मिळालं, तर मी प्रभूकडे काय मागितलं तेही कळलं असेल. सांगा की.”

“खानावळच. दुसरं काय मागणार तू?”

“चुकलात. खानावळ तर मी ठरवूनच बसलेय. मी मागत होते, की तुमच्यापुढे ‘नाही’ म्हणायचं बळ माझ्या नवऱ्याला दे.”

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. नवरा मात्र मान खाली घालून पुटपुटला, “गाळा मी सकाळीच सोडला. पंच म्हणाले म्हणून.”

आता हसून काय उपयोग? पंचांना काय बोल लावू? मागणारा मागणारच. नवऱ्याचं नाव मी आजवर तोंडाने घेतलं नव्हतं. आज घेते. माझी चूल पेटण्याआधीच विझवली ती फिलीपने.